आबांचा ट्रॅक्टर

गाडीचा बैल बदलला म्हणून गाडी बदलली, असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. एक बैल म्हातारा होतो, दुसरा बाजारातून येतो. जू तेच, चाके तीच, आणि लोक पूर्वीप्रमाणेच ‘पाटलांची गाडी’ म्हणतात. बैलाला स्वतःचे नाव असते, स्वतःचा स्वभाव असतो, बेंदराला त्याच्या शिंगांना रंग लागतो. ओढणारा निराळा आणि ओढले जाणारे निराळे, हा भेद इतका उघड आहे की त्यावर विचार करण्याचे कोणाला कारणच पडत नाही.

ट्रॅक्टर आला आणि बैल गाडीच्या पोटात जाऊन बसला. ओढणारे कोठे संपते आणि ओढले जाणारे कोठे सुरू होते, हे बोट ठेवून दाखवणे आता अवघड झाले. म्हणून एखाद्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन काढून दुसरे बसवले की प्रश्न पडतो : हा तोच ट्रॅक्टर का? दिवाळीच्या फराळाबरोबर चघळण्याजोगा, रिकामपणाचा प्रश्न आहे असे वाचक म्हणतील. पण आमच्या गावात याच प्रश्नावरून दोन सख्खे भाऊ एक अख्खा पावसाळा एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हा तो अगदीच रिकामपणाचा नसावा.

आमचे गाव तासगाव तालुक्यात. हे भाऊ माझे शेजारी. थोरला पुण्यास नोकरीला, धाकटा घरची द्राक्षबाग बघतो. भांडणाचा विषय त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, बागेतला छोटा ट्रॅक्टर. पुण्यातल्या एका बंगल्याच्या बागेतले सामान लिलावात निघाले तेव्हा आबांनी तो घेतला. परदेशी बनावटीचा, नावाची पट्टी केव्हाच झिजून कोरी झालेली. उंची चौथीतल्या मुलाच्या खांद्याएवढी, इंजिन एका सिलिंडरचे आणि पेट्रोलवरचे, ताकद मागे लहानसा वखर नाही तर ट्रेलर ओढण्यापुरती. पण मोठा ट्रॅक्टर मांडवाखाली शिरताना वेलींना ओरबाडतो. हा आपला अंग चोरून जायचा. आबा गेल्यावरही तो चार वर्षे चालला. मग इंजिनाने धीर सोडला. त्याचा सिलिंडर दोनदा बोअर करून झाला होता. दर वेळी भोक थोडे मोठे होते आणि त्यात जाड पिस्टन घालावा लागतो. तिसऱ्या वेळी भिंतच उरत नाही. शिवाय त्या मापाचा पिस्टन आता कोठे मिळेना.

धाकटा म्हणाला, छोटे डिझेल इंजिन बसवू. थोरल्याने फोनवरूनच सांगितले, ‘हात लावू नकोस. रंग दे आणि छपराखाली ठेव. दुसरे इंजिन घातलेस की तो आबांचा राहणार नाही.’ धाकटा म्हणाला, ‘बंद पडलेला तेवढा आबांचा, होय? आबांनी कधी एक दिवस तरी तो बंद ठेवला होता का?’ त्यापुढचे बोलणे येथे देण्यासारखे नाही. मृग गेला, आर्द्रा गेल्या, गौरी-गणपतीत थोरला सहकुटुंब आला आणि भावाशी एक शब्द न बोलता परत गेला.

मी शाळामास्तर, आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. दोन्ही धंद्यांत दुसऱ्याच्या भांडणाकडे कान जातोच. दोघांनीही आपापली बाजू मला सांगितली. ती ऐकून घरी आल्यावर मी पुस्तके काढून बसलो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर, सागल नगरीत राज्य करणारा ग्रीक राजा. आपण येथे कसे आलात, असे नागसेन त्याला विचारतो. राजा म्हणतो, रथातून. मग आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दोऱ्या? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. आणि हे सारे बाजूला काढल्यावर रथ म्हणून काही निराळे उरते का, यालाही त्याला नाहीच म्हणावे लागते. सुटे भाग एकत्र आले की आपण व्यवहारापुरते त्यांना रथ म्हणतो, इतकेच. ग्रीकांनी हीच अडचण जहाजावरून मांडली. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले होते. कुजलेली फळी काढायची आणि नवी घालायची असे करत करत ते टिकवले. आणि जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञ वाद घालत राहिले, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे.

यातले काहीही मी थोरल्याला सांगितले असते तर त्याने मला चहा पाजून वाटेला लावले असते. लोखंड म्हणजे आबा नव्हेत, हे त्याला नागसेनाइतकेच ठाऊक आहे. वस्तू तीच की दुसरी, हा त्याचा प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न देण्याघेण्याचा आहे. वडिलांचे काही तरी आपण देणे लागतो, ते पुण्याला राहून फेडता आले नाही, आणि आता या एका वस्तूला कोणी हात लावू नये एवढेच आपल्या हाती उरले आहे, असे त्याला वाटते. त्याने हे या शब्दांत सांगितले नाही; पण मी त्याला मुंजीपासून ओळखतो.

सरकारने आपल्यापुरता हा प्रश्न सोडवून टाकला आहे. वाहनाच्या नोंदणीपुस्तकात चेसिसचा नंबर निराळा आणि इंजिनाचा निराळा असतो. इंजिन बदलले तर ते कळवून तशी नोंद करून घ्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अशा फेरफारांना बंधने घातली आहेत. पण चेसिसचा नंबर कायम असतो, आणि कागदावर वाहन तेच राहते. आबांचा ट्रॅक्टर कधी बांधाबाहेर गेलाच नाही. त्याला ना पुस्तक, ना नंबर. त्यामुळे भावांना कायद्याचा आडोसाही मिळाला नाही.

थोरल्याच्या बाजूने सगळ्यात बळकट गोष्ट मला वाटते ती आवाजाची. त्या पेट्रोल इंजिनाचा आवाज फटफटीसारखा, थोडा खोकल्यासारखा होता. संध्याकाळी तो ओढ्याच्या वळणावर ऐकू आला की आई चुलीवर चहाचे आधण ठेवायची. मुले अभ्यासाची पुस्तके उघडून बसायची. त्यांत थोरला असे. आबा घरात शिरायच्या आधी त्यांचा आवाज घरात शिरायचा. चित्र भिंतीवर टांगता येते, काठी कोपऱ्यात उभी करता येते. पण आवाज चालत्या वस्तूतच राहतो. आणि येथे थोरल्याच्या म्हणण्यातली अडचण आपोआप पुढे येते. छपराखाली रंग देऊन ठेवलेल्या ट्रॅक्टरला आवाज कोठून येणार? आवाज राखायचा तर इंजिन चालले पाहिजे, आणि ते इंजिन तर चालत नाही.

धाकट्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते. एका म्हाताऱ्याने आठवण काढली की हा ट्रॅक्टर आला त्या आठवड्यात आबांनी बैलजोडी विकली आणि आबांचे वडील दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे आज जे जुने म्हणून जपायचे, तेच एके काळी घरात घुसलेले नवे होते. आमच्यापासून किर्लोस्करवाडी काही फार लांब नाही. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ती वसवली. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती होती. आज त्याच भागात घरोघरी अडगळीत पडलेला लोखंडी नांगर ‘आजोबांचा’ म्हणून कोणी भंगारात घालू देत नाही.

हे सारे खरे असले तरी या युक्तिवादावर मी फार भार टाकणार नाही. जुने सगळे एकदा नवे होते, म्हणून जुन्याची पर्वा करायचे कारण नाही, असे म्हणत गेले तर राखण्यासारखे काहीच उरत नाही. बैल विकले ही गोष्ट आबांच्या वडिलांना लागली, ती त्यांनी सोसली. पण तेव्हा सोसले म्हणून आताही सोसा, हे सांगणे सासूने सुनेला सांगण्यापैकी आहे.

खरा विचार मला शेवटी शिकवला तो तासगावच्या मिस्त्रीने. वयाने माझ्याहून मोठा, शाळा सातवीतून सोडलेला, बोलणे तुटक. थोरल्याचे न ऐकता धाकट्याने त्याला बोलावून आणले. धाकट्याच्या मनात एक निराळीच कल्पना होती. १९७२ च्या दुष्काळानंतर आबांनी विहिरीसाठी डिझेल इंजिन घेतले होते. विहिरीवर विजेची मोटार बसल्यापासून ते पडून होते. तेच ट्रॅक्टरवर चढवावे. म्हणजे इंजिनही आबांचे, ट्रॅक्टरही आबांचा. दादाला बोलायला जागा नाही. कल्पना मोठी गोड होती. कादंबरीत मी तीच वापरली असती. मिस्त्रीने इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. पाण्याने थंड होणारे, जाड बिडाचे, भले मोठे फ्लायव्हील असलेले ते धूड हलवायला चार माणसे लागत. त्या चिमुकल्या ट्रॅक्टरचा पुढचा आस त्याखाली वाकला असता. ‘आबांचं आहे म्हणून वजन कमी होत नाही, गुरुजी,’ तो मला म्हणाला.

शेवटी एका मोडक्या पॉवर वीडरवरचे, हवेने थंड होणारे छोटे डिझेल इंजिन मिळाले. दोन माणसांनी सहज उचलावे असे. ते बसवताना मी रोज शाळा सुटल्यावर तेथे जाऊन बसे, आणि मिस्त्रीचा हात ज्या क्रमाने चालला तो मला अजून आठवतो. आधी त्याने फिरण्याची दिशा पाहिली. इंजिन उलट दिशेने फिरणारे निघाले तर ट्रॅक्टरला मागे जाण्याचे गिअर तीन आणि पुढे जाण्याचा एक, असे होऊन बसते. (आमच्या ओळखीच्या काही संस्था अशाच चालतात, पण तो विषय निराळा.) मग फेऱ्यांचा हिशेब. जुने इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्या करी आणि त्याची पुली ४ इंचांची होती. नवे ३००० फेऱ्यांवर चालवायचे होते. चाल तीच ठेवायची तर पुली केवढी हवी? व्यस्त प्रमाणाचे शाळेतले उदाहरण आहे हे, उत्तर ४.८ इंच. बाजारात ५ इंची मिळाली. ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा किंचित जोरात चालणार होता, तेवढे मिस्त्रीने चालू दिले.

अवघड भाग पुढेच होता. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी पडते तेव्हा पेट घेतला जातो. डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापून लाल व्हावी, आणि मग त्यात तेलाचा फवारा सोडायचा. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सहा-सात पट दाबली जाई. या इंजिनात ती अठरा-वीस पट दाबली जाते. म्हणून त्याचा प्रत्येक ठोका धक्क्यासारखा बसतो, आणि असे ठोके सेकंदाला पंचवीस. ते सारे सोसायचे कोणी? जुन्या सांगाड्याने. इंजिन नवे आणि तरणे, पण पाठ, गिअरपेटी आणि आस म्हाताऱ्याचे.

यावर इंजिनाखाली रबर घालावे असे कोणीही सुचवील, मीही सुचवले. पण ताकद चाकांकडे पट्ट्याने जाते, आणि पट्ट्याला इंजिन जागचे हललेले खपत नाही. रबरावर बसलेले इंजिन पट्ट्याच्या ओढीने तिरपे होते, पट्टा पुलीवरून उतरतो. मिस्त्रीने इंजिन घट्टच बसवले आणि रबर घातले ते आसनाखाली आणि तेलाच्या टाकीखाली. ‘त्याला थरथरू दे, माणसाला थरथरवू नको,’ असे त्याचे गणित. आणि ३००० च्या वर फेऱ्या जाऊ नयेत म्हणून गव्हर्नरचा स्क्रू आवळून त्यावर रंगाचा ठिपका दिला. इंजिनात याहून जास्त ताकद होती. ती त्याने मुद्दाम बाहेर येऊ दिली नाही. धाकटा थोडा हिरमुसला. पैसे पूर्ण इंजिनाचे दिले होते ना!

आता भोकांची गोष्ट. नव्या इंजिनाच्या पायाची चार भोके आणि सांगाड्यावरची चार भोके जुळत नव्हती. जुळण्याचे कारणही नव्हते. घरात पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा एक भाचा आला होता. तो म्हणाला, ड्रिल लावा, अर्ध्या तासात नवी भोके पडतील. आडवी पट्टी आड येते ती ग्राइंडरने कापून टाका. मिस्त्री नाही म्हणाला. त्याने जाड पोलादी प्लेट आणली. तिला चार भोके जुन्या सांगाड्याच्या मापाने पाडली आणि चार नव्या इंजिनाच्या मापाने. प्लेट दोघांच्या मध्ये बसली. यात दोन दिवस जास्त गेले आणि हजार-बाराशे रुपये जास्त लागले. भाचा म्हणाला, ‘पण का? जुनं इंजिन पुन्हा कोण बसवणार आहे?’ मिस्त्री बोल्ट आवळत म्हणाला, ‘ते आपण कशाला ठरवायचं?’

रात्री मला झोप लवकर आली नाही. दोघे भाऊ भांडत होते ते दोन हक्कांवरून. एकाचा आठवणीचा हक्क, दुसऱ्याचा वापराचा. तिसराही कोणी हक्कदार असू शकतो हे दोघांच्या ध्यानी आले नव्हते. जो अजून आलेला नाही, ज्याला आज तोंड नाही, त्याच्यासाठी मिस्त्रीने सांगाडा अखंड ठेवला. उद्या एखादा नातू त्या जुन्या इंजिनाला पिस्टन घडवून आणील. किंवा डिझेलही काढून बॅटरी बसवील. किंवा सगळेच भंगारात देईल. त्याने काय करावे हे मिस्त्रीने ठरवले नाही, फक्त त्याची वाट कापून टाकली नाही. उलट आपण प्रेमाच्या भरात काय करतो पाहा. आपल्याकडच्या कितीतरी काळ्या पाषाणाच्या देवळांना भक्तांनी ऑइलपेंट फासला आहे. भाव खोटा नव्हता. पण त्या रंगाखाली गेलेली कोरीव रेघ आता सहजी परत मिळत नाही. थोरल्यानेही ‘रंग दे’ असेच सांगितले होते, हे मला त्या रात्री आठवले.

मिस्त्रीचा हा नियम सगळीकडे लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही. विकलेले बैल परत आणता येत नाहीत. मुलीचे लग्न, मुलाची शाळा, वाटणीत घातलेली भिंत, यांत मधली प्लेट घालायला जागा नसते. तेथे भोक पाडावेच लागते आणि ते कायमचे राहते. कदाचित म्हणूनच, जेथे प्लेट घालता येते तेथे दोन दिवस वाचवण्यासाठी ड्रिल उचलणे मला आता जास्तच खटकते. आणि दुसरी गोष्ट : नेहमी नवागतालाच कापून-तासून जुन्या मापात बसवायचे, ही आपली घरातली रीत. येथे इंजिनाचा पायही कोणी तासला नाही. ज्याची त्याची भोके ज्याच्या त्याच्याजवळ राहिली.

शेवटची अडचण बॉनेटची निघाली. डिझेल इंजिन उंच. जुने बॉनेट त्यावर बसेना. पत्रा कापून वर उंचवटा काढला असता तर बसले असते. वरून रंग दिला की आत काय आहे ते दादाला कळलेही नसते, असे घरातल्या एकाने सुचवले. सुचवणाऱ्याचा हेतू भला होता. धाकट्याने ते ऐकले नाही, आणि मिस्त्री तर पत्र्याला कात्री लावणारच नव्हता. बॉनेट गोठ्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगले गेले. त्याच्या खाली, पोत्यात गुंडाळून, तेल लावून, जुने इंजिन ठेवले. ट्रॅक्टर बोडक्या डोक्याने बागेत फिरू लागला. आईला आम्ही विचारले, कसे वाटते? ती म्हणाली, ‘चालतोय ना? मग अंगणापासून लांब उभा करा, धूर घरात येतो.’

ज्या रुडॉल्फ डिझेलचे नाव या इंजिनाला आहे, त्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला चालले. आणि १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात याच जातीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. म्हणजे डिझेल इंजिनात डिझेल नव्हते तरी लोक त्याला डिझेल इंजिनच म्हणत होते. नागसेनाला हे सांगायला मजा आली असती. आमच्या गावात कोणाला या गोष्टीचे काही वाटले नाही. इंजिन बदलल्यानंतरही सगळे ‘आबांचा ट्रॅक्टर’ असेच म्हणत राहिले. थोरला सोडून.

गेल्या दिवाळीत तो आला. ऑक्टोबर छाटणी आटोपली होती, बागेत काड्यांचे ढीग पडले होते. पाडव्याला दुपारी धाकटा गोठ्यात धार काढत असताना थोरला कोणाला न सांगता बागेत गेला. काय मनात आले देव जाणे. काड्या भरलेला ट्रेलर जोडून तसाच उभा होता, त्याने दोरी ओढून ट्रॅक्टर सुरू केला आणि ओढ्याच्या वळणाने घरी आणला. अंगणात आल्यावर त्याने डाव्या हाताची जुनी चावी फिरवली. आबा फिरवत तशी. ती चावी ठिणगी तोडण्याची. तिची तार आता कोठेच जोडलेली नव्हती. डिझेलला ठिणगीच नाही. तेल तोडल्याशिवाय ते थांबत नाही, आणि तेल तोडण्याचा दांडा खाली, प्लेटच्या बाजूला. त्याने चावी परत फिरवली, काढली, पुन्हा घातली. इंजिन आपले सेकंदाला पंचवीस ठोके टाकत राहिले. धूर सरळ स्वयंपाकघरात जाऊ लागला आणि आई आतून ओरडू लागली. शेवटी तो गोठ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, ‘अरे, हा बंद कसा करायचा?’

धाकटा चरवी खाली ठेवून, हात धोतराला पुसत बाहेर आला. म्हणाला, ‘थांब दादा, खाली वाक. तो लाल दांडा दिसतो ना, तो मागे ओढ.’